बिनडागाचं डोकं

सांगवीच्या अविराजला पूर्वी कुणी विचारलं असतं, की बाबा, तुझा सगळ्यात जास्त भरवसा कुणावर, तर त्यानं डोळे झाकून दीपकचं नाव घेतलं असतं. आता कुणी तो विषय काढला की तो पेरूचा भाव सांगायला लागतो.

अविराज बारामती एमआयडीसीत एका दूध प्रकल्पात कामाला आहे. टँकर आला की नमुना काढायचा, त्यात पाणी किती, युरिया आहे का, साखर घातलीय का, हे तपासायचं. भेसळ पकडण्याचाच पगार घेणारा माणूस घरातल्या भेसळीला कसा फसला, असं तुम्ही विचाराल. ते त्याचं त्यालाही कळत नाही. पण घरचं दूध कोण कधी तपासतं हो?

दीपक त्याचा चुलतभाऊ. दीपकचे आईबाप तो लहान असतानाच पाठोपाठ गेले आणि अविराजच्या वडिलांनी, आबासाहेबांनी, पोराला आपल्या घरी आणलं. अविराजच्या आईनं, फुलाबाईंनी, दोघांना एका ताटात जेवू घातलं. अंगावरचे कपडे एका ताग्यातले, शाळेत मार खायचा तोही जोडीनं. दीपक चार महिन्यांनी थोरला, म्हणून मोठेपणाचा मान त्याचा आणि निमूटपणे ऐकण्याचं काम अविराजचं. दोघांनाही त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

देवानं दोघांना आणखी एक गोष्ट समसमान वाटून दिली होती. आजोबांचं टक्कल. पंचविशी ओलांडायच्या आत दोघांचीही कपाळं मागे सरकायला लागली. कांद्याचा रस झाला, जास्वंदीचं तेल झालं, एका वैद्यानं दिलेलं काळं औषध झालं. त्या औषधानं उशा काळ्या झाल्या, डोकी होती तशीच राहिली. मग दीपक नोकरीसाठी वर्षभर नाशिकला गेला आणि परत आला तो डोकंभर केस घेऊन. भांग पाडलेले, वाऱ्यावर उडणारे, अगदी कॉलेजातल्या पोरासारखे. लगेच बावड्याची प्राची त्याला सांगून आली, लग्न ठरलं, आणि पुढं त्यानं बावड्यातच ठिबक सिंचनाचं दुकान टाकलं.

त्या लग्नात एक प्रकार घडला. नवरीकडच्या एका पोरीनं अविराजच्या पायाला हात लावला आणि विचारलं, "तुमी दीपकरावांचं काका ना?" आजूबाजूची मंडळी पोट धरून हसली. अविराजही हसला. पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी त्यानं दीपकला गाठून विचारलं. प्राचीचा भाऊ तिथंच उभा होता. दीपक एकदा त्याच्याकडं बघून, आवाज उतरवून म्हणाला, "पुण्यात ऑपरेशन केलंय. मागचं केस काढून फुडं लावत्यात. आपलंच केस, आपल्याच मुळासकट. कुणापाशी बोलू नगंस."

"आन् डाग?"

"हात लावून बघ की." दीपकनं मान पुढं वाकवली. अविराजनं या कानापासून त्या कानापर्यंत बोटं फिरवली. कातडी लोण्यासारखी मऊ. कुठं खरबरीत म्हणून लागलं नाही.

तरीही तीनेक वर्षं त्याला धीर झाला नाही. त्याची बायको रोहिणी म्हणायची, "मी काय केसांशी संसार करती व्हय? गप बसा." पण कंपनीत नवीन आलेली पोरं त्याला काका म्हणायला लागली, आणि दर सणाला दीपक शेजारी येऊन बसला की त्याला आपलं डोकं आरशात न बघताही दिसायला लागलं. शेवटी एकदा त्यानं दीपकला फोन लावला. दीपकनं आधी खूप आढेवेढे घेतले. कशाला, तुला काय कमी हाय, वहिनी काय बोलती का. अविराज हटून बसला तेव्हा म्हणाला, "चल मग. मी येतो संगं." घरी मशिनचा पार्ट आणायला जातो म्हणून सांगितलं आणि दोघं पुण्याला गेले.

त्या क्लिनिकात मोठ्या डॉक्टरांनी पेननं कपाळावर एक रेघ मारली, खांदा थोपटला आणि ते गेले ते गेलेच. बाकी सगळं दोन टेक्निशियननी केलं. अविराजला पालथं झोपवलं आणि मागच्या बाजूनं बारीक गोल सुईनं एकेक केस उपटायला सुरुवात केली. भूल दिलेली, त्यामुळं दुखत नव्हतं, नुसता किर्र आवाज कवटीत घुमायचा. ते दोघं क्रिकेटवर बोलत होते. तुमच्या घरात कुणाला जखमेची गाठ होते का, असं त्याला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं आईचं नाव सांगितलं असतं. फुलाबाईंचा वरचा कान तरुणपणी बुगडीसाठी टोचला होता आणि त्या भोकाची जखम बोराएवढी गाठ होऊन बसली होती. पण न विचारता सांगावं, इतकं ते महत्त्वाचं असेल असं त्याला कसं सुचणार?

पुढं केस आले. अगदी नाहीच असं नाही, शेतात उगवण विरळ व्हावी तसे आले. पण मागं जे आलं ते भलतंच होतं. जिथून केस काढले तिथं तांबूस, टणक गाठी उठल्या. एकीला दुसरी चिकटली आणि मानेच्या वर एक वेडावाकडा पट्टा तयार झाला. खाज अशी की माणसानं कामावर हातमोजे काढून खाजवत बसावं. अविराजनं मागचे केस वाढवून, वर टोपी घालून त्या गाठी झाकल्या आणि दीपकला दाखवल्या.

दीपकनं वाकून बघितलं. मग म्हणाला, "तू जपलं न्हायस."

"म्हंजी?"

"माझं बघ. त्योच डॉक्टर, तीच खुर्ची. मला काय झालं का? हेल्मेट घातलं असशील. वजन उचललं असशील."

हे खरं होतं. कंपनीच्या गेटवर हेल्मेटशिवाय सोडत नाहीत म्हणून अविराजनं आठवडा व्हायच्या आत हेल्मेट घातलं होतं. पेरूवर फवारणी आली म्हणून पाठीवर पंप घेतला होता. एकदा खपली खाजवलीही होती. झालं, माणूस आपल्याच वहीत आपला गुन्हा लिहून मोकळा झाला. दोन वर्षं तो मनातल्या मनात त्या आठवड्याची उजळणी करत राहिला. हेल्मेट नसतं घातलं तर. पंप रोहिणीच्या भावाला दिला असता तर. आणि दीपक दर भेटीत, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, हळहळून म्हणायचा, "जपायला पायजे हुतं रं, अवी."

रोहिणीच त्याला ओढून बारामतीच्या एका चामडीच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. फुलाबाईही सोबत गेल्या. त्या बाई डॉक्टरांनी अविराजचं डोकं पाहिलं, मग फुलाबाईंचा पदर सरकवून कान पाहिला आणि खुर्चीत मागं टेकल्या.

"हा कान कुणी आधी बघितला असता, तर हे डोकं वाचलं असतं," त्या म्हणाल्या. "काही जणांची कातडीच अशी असते, जखम भरताना थांबायचं विसरते. अशा माणसाचं करूच नये. करायचंच म्हटलं, तर आधी मानेवर दोनचार केस काढून बघायचे, काही महिने थांबायचं. गाठ उठली नाही तर पुढं जायचं. आणि काढताना एकाच जागी गर्दी करायची नाही, लांब लांब काढायचे, सुई बारीक घ्यायची. हातात सुई कोणाच्या आहे, हे आधी विचारायचं. तुमचे तर एकमेकांना चिकटून काढलेत."

"मी हेल्मेट घातलं हुतं," अविराज म्हणाला. कबुलीजबाब द्यावा तसा.

"नव्हतं घालायचं. ऊन टाळायचं, खपली काढायची नाही, तंबाखू खायची नाही, जखम ताणू द्यायची नाही, हे सगळं खरंच. त्यानं डाग कमी राहतो. पण एवढ्या गाठी हेल्मेटनं येत नाहीत."

"मग माझ्या भावाला कसा काय एकबी डाग न्हाय?"

बाई हसल्या. "बिनडागाचं ऑपरेशन नसतं. उत्तम हातानं केलं तरी बारीक पांढरे ठिपके राहतातच. केस असले की दिसत नाहीत, बोटालाही लागत नाहीत. वस्तरा फिरवला की दिसतात. तुमच्या भावालाही असतील."

मग त्यांनी गाठींत भरायची इंजेक्शनं सांगितली, लावायला सिलिकॉनचं मलम दिलं. गाठी दबतील, खाज जाईल, पण कातडी पहिल्यासारखी होणार नाही, हेही तोंडावर सांगितलं. अविराजला बाई आवडल्या. तरी घरी येताना त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. दीपकला नुसते ठिपके आणि मला हा पट्टा. म्हणजे काहीतरी माझंच चुकलं. डॉक्टरीण मन राखायला बोलली असेल.

फुलाबाई त्या दिवसापासून वेगळ्याच सुरात बोलायला लागल्या. कानाच्या गाठीला बोट लावून म्हणायच्या, "ह्या मेल्या कानानं माझ्या लेकाचा घात केला." अविराज म्हणायचा, "आई, तुझं काय त्यात, मीच जपलं न्हाय." अशी मायलेकांची दोष वाटून घेण्याची चढाओढ चालायची आणि दीपक शेजारी बसून ती ऐकायचा.

यंदा उन्हाळा लागताना आबासाहेब गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. अग्नी अविराजनं दिला. रडून झाल्यावर त्याला धास्ती लागली ती दहाव्याची. दहाव्याला नदीवर सगळ्या गावासमोर डोकं करावं लागणार. आबांना मरेपर्यंत त्यानं या गाठी कळू दिल्या नव्हत्या, ते टोपीतलं पोर बघून गेले, आणि आता त्यांच्याच नावानं टोपी उतरवायची होती. नको म्हणायची सोय नव्हती. बापाचं देणं ते.

दहाव्याच्या सकाळी नीरेच्या घाटावर भावकी जमली. न्हावी रावजी यांनी मागचे केस उचलले आणि त्यांचा हात थांबला. "अवीदादा, वस्तरा लागला तर रगात यील. मशिन लावू का?" अविराजनं मान हलवली. केस पडत गेले आणि मागं बसलेल्या माणसांची कुजबुज आधी वाढली, मग एकदम बंद झाली. ती बंद झालेली त्याला जास्त लागली.

"आरं, भाजलं का काय?" कुणीतरी विचारलं.

"केस लावून घेतलं हुतं म्हणं पुण्याला," दुसऱ्यानं सांगितलं. गावात काहीच लपत नाही, लपलंय असं फक्त आपल्याला वाटतं.

दीपक उशिरा आला, आणि आला तो तुळतुळीत डोकं करूनच. मोहनराव तात्या, भावकीतले थोरले, कुरकुरले, "आरं हितं करायचं सोडून घरनं करून आलास व्हय?"

"इंदापूरला काम हुतं तात्या, तितंच उरकलं. उशीर नगं म्हणून." दीपक हात जोडून म्हणाला आणि अविराजच्या पुढं, नदीकडं तोंड करून बसला. आबा त्याचेही बापच होते. त्याचे डोळे खरोखर सुजले होते, हे सांगितलं पाहिजे.

गुरुजींनी सांगितलं तसं दीपकनं पिंडांना नमस्कार करायला मान खाली घातली. सकाळचं ऊन सरळ त्याच्या डोक्यावर पडलं होतं. अविराज मागं बसला होता, हातभर अंतरावर. दुसरं काही बघायला नव्हतं, म्हणून तो बघत होता. या कानापासून त्या कानापर्यंत. पांढरा ठिपका दिसेना. डोळे बारीक केले तरी दिसेना. घासलेल्या तांब्यासारखं डोकं होतं ते, कसलाही ओरखडा नसलेलं. वर टाळूला मात्र चौकोनी तांबूस चट्टा होता, रोज काहीतरी चिकटवून काढल्यावर होतो तसा.

अविराजला समजायला वेळ लागला नाही. समजून घ्यायला लागला.

तेवढ्यात वेगळीच पंचाईत झाली. पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर चारपाच कावळे बसले होते, पण खाली येईनात. रोहिणीनं सांगितलं, मामंजी, बागेची काळजी करू नका. नाही आला. फुलाबाईंची काळजी घेऊ म्हणून झालं. नाही आला. मग मोहनराव तात्या पुढं झाले. "आबाचा जीव ह्या दोन पोरांत अडकलाय. अवी, म्हण बाबा, दीपकला अंतर देणार न्हाय म्हण."

सगळी भावकी अविराजकडं बघायला लागली. तो हात जोडून उभा राहिला. तोंड उघडलं. पण तो शब्द काही निघेना. बाया डोळ्यांना पदर लावायला लागल्या, त्यांना वाटलं पोराचा ऊर भरून आलाय. ऊर भरला होताच, पण कशानं, ते कुणाला सांगणार?

मग दीपक पुढं झाला. पाणावल्या डोळ्यांनी म्हणाला, "आबा, मी अवीला कधी अंतर देणार न्हाय. तुमी सुखानं जावा."

आणि कावळा आला. सरळ येऊन पिंडावर बसला. लोकांनी हात जोडले. अविराजचा त्या दिवशी कावळ्यावरचाही विश्वास उडाला.

मंडळी चहाला लिंबाखाली गेली तेव्हा त्यानं दीपकला पाण्याजवळ बोलावलं.

"तुझं ऑपरेशन झालंच न्हाय."

दीपकचा हात आपोआप डोक्याच्या मागं गेला. तो दगडावर बसला. "नाशकात केसांचा पॅच बसवला हुता. चिकटवायचा अस्तोय. लग्नाच्या आधी कुणाला सांगता यीना. प्राचीला मागनं कळलं, तिच्या घरच्यांना आजून न्हाय."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तू इचारलंस तवा तिचा भाऊ तितं हुता. त्वांडातनं ऑपरेशन निघून गेलं. एकदा निघालेलं माघारी कसं घ्यू? मला वाटलं, तू भित्रा हायस, तू काय करायचा न्हायस."

"आन् त्यो डॉक्टर?"

"रस्त्याला बोर्ड लावला हुता. त्यावर नाव वाचलं हुतं."

अविराजला हसू आलं, तसलं हसू कुणाला येऊ नये. त्याच्या डोक्यात सुया चालल्या होत्या तेव्हा हा बाहेर बसून होता. आत येऊन एकदा म्हणाला असता, ऊठ अवी, मी खोटं बोललो, तर अर्धं डोकं तरी वाचलं असतं. पण तेही त्यानं एक वेळ पोटात घातलं असतं. माणूस घाबरतो. खोट्याला खोटं लागतं. हे सगळं त्याला कळत होतं.

"मी जपलं न्हाय, असं का म्हणत ऱ्हायलास? दोन वरसं?"

"मग काय म्हणू? माझं बघून तू केलंस आन् तुझं बिघडलं. कायतरी म्हणावं लागंल का न्हाय?"

हात उचलावासा वाटला, पण बापाचं दहावं होतं. अविराज एवढंच म्हणाला, "घरी चल. आईला सांग. ती बिचारी आपल्या कानाला दोष देत बसलीया."

दीपकनं वर बघितलं आणि लगेच नजर वळवली. "काकीला काय सांगायचं? काकीला तूच इचार," तो म्हणाला, आणि उठून लिंबाकडं निघून गेला.

दुपारी पाहुणे पांगल्यावर अविराज आईजवळ गेला. फुलाबाई भिंतीला टेकून घोंगड्यावर बसल्या होत्या, कपाळ उघडं, हात मोकळे. लेकाचं उघडं डोकं त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. जवळ ओढून त्या गाठींवरून हात फिरवायला लागल्या.

"आई, दीपकचं केस खोटं हायत."

हात थांबला नाही. त्यांनी 'काय?' असंही विचारलं नाही. अविराजला सगळं तेवढ्यावरूनच उमगलं.

"तुला ठाव हुतं?"

"लग्नानंतरच्या दिवाळीला तेल लावाय बसवलं त्याला," फुलाबाई हळू म्हणाल्या. "नगं नगं म्हणत हुता. बोटाला जाळी लागली. पाय धरलं त्यानं माझं. काकी, कुणाला सांगितलं तर माझं घर मोडंल. मी शपथ घातली सोताला."

"आन् मी डोकं बांधून आलो तवा?"

"तवा कळलं, तू कुणाचं बघून गेलास. पर झालं ते झालं हुतं. सांगून तुझं डोकं बरं हुणार हुतं का? त्याला तू दारात हुबा केला नसतास. आबा गेल्यावर त्याला कोण हाय?"

"म्हणून कानाचं नाव घितलंस."

"कुणाच्या तरी नावावर घालायला पायजे हुतं. तू सारखा सोताला बोल लावायचास, मला बघवंना."

"मला खरं सांगितलं असतंस तर मी कशाला सोताला बोल लावला असता?" अविराजचा आवाज चढला. इतक्या वर्षांत आईवर पहिल्यांदा. "दोन वरसं मी एकाच आठवड्यात जगतोय, आई. हेल्मेट का घातलं, पंप का उचलला. रोज. आन् तुमी दोघंबी शेजारी बसून ऐकत हुता."

फुलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्या म्हणाल्या, "तू सोसशील हे मला ठाव हुतं. त्याला न्हाय सोसायचं. त्याला आई न्हाय रं, अवी."

अविराजनं आपलं डोकं त्यांच्या हाताखालून काढून घेतलं.

"आन् मला?" त्यानं विचारलं.